आराखडा कुणाच्या रानातून जातो?

आमच्या कामात मानधन उशिरा येतं, पण किस्से वेळेवर. एक संपतोय न संपतोय तोवर दुसरा दारात हजर. बरं, ते सांगायचे कुणाला? घरी सांगितले की नवरा म्हणतो, "तू तिखटमीठ लावतेस." लावत नाही हो. उलट थोडं धुऊनच सांगते.

मी विशेष शिक्षिका. राहते नगरला आणि काम कर्जत तालुक्यात. गावचे पाहुणे अजून नगरच म्हणतात, बोर्डावर अहिल्यानगर झालंय. शाळांमधून फिरायचं आणि ज्या मुलांना ऐकायला, बघायला, चालायला, बोलायला किंवा शिकायला अडचण आहे त्यांच्यासाठी काय करता येईल ते बघायचं. जोडीला काळेसर. मोटरसायकल त्यांची, मागची सीट माझी. प्रत्येक मुलाचा आम्ही एक 'वैयक्तिक शैक्षणिक आराखडा' करतो. म्हणजे मूल आज काय करतं, पुढं काय शिकेल, ते कोण शिकवणार आणि कसं. हे आईबापांना समजावून सांगायचं, त्यांचं ऐकायचं आणि त्यांची सही घ्यायची. लिहायला एवढंसं. समजावताना मात्र घाम फुटतो, कारण आमच्या भागात माणूस पाहुण्याला आधी संशयानं बघतो, मग पाणी विचारतो.

मी आले तेव्हा भोळी होते. आता मलाही कुणी रस्त्यात पत्ता विचारला तर मी आधी त्याच्या गाडीचा नंबर बघते. लागट रोग आहे हा.

* * *

सुरुवात तात्यांपासूनच करते, कारण सगळ्यात जास्त छळलं त्यांनीच.

तात्या म्हणजे आरोहीचे आजोबा. आरोही आठ वर्षांची. जन्मापासून पाय ताठ, हात थरथरतात, बोलणं अडखळत. पण डोळे असे चलाख की माझ्या पिशवीत गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते तिला माझ्याआधी कळायचं. शाळेच्या पटावर तिचं नाव होतं. पोरगी मात्र वस्तीवर, ओसरीत.

आम्ही गेलो तेव्हा तात्या लिंबाखाली बाजेवर बसून तंबाखू मळत होते. रामराम झाला. मी म्हटलं, "तात्या, आराखडा करायचाय."

तंबाखू मळणारा अंगठा जागच्या जागी थांबला.

"कुनाच्या रानातनं जातोय?"

मला काही कळेना. काळेसर त्याच भागातले, त्यांना कळलं. मागं त्या शिवारात कुठल्याशा रस्त्याची मोजणी झाली होती, लोकांच्या उभ्या पिकात चुना लावलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या, आणि 'आराखडा' हा शब्द त्या खुंट्यांबरोबरच गावात आला होता. तेव्हापासून आराखडा म्हटलं की माणसं आधी बांधावर जाऊन बघून येतात.

मी घाईघाईनं म्हटलं, "कुणाच्याच नाही हो तात्या! आराखडा आरोहीचा आहे."

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"तिच्या नावावं जिमीन न्हाई," म्हणाले, आणि घराकडं तोंड करून ओरडले, "सुरेखे, च्या ठिवू नको."

सुरेखा म्हणजे आरोहीची आई. आम्ही गाडीला किक मारत होतो तेव्हा ती गोठ्याच्या आडोशानं आली. नवरा नगरजवळच्या नागापूरला, एमआयडीसीत. सुट्टीला येतो आणि 'तात्या म्हणतील तसं, सहीही त्यांचीच' म्हणून परत जातो. सुरेखा हळूच म्हणाली, "म्याडम, आमाला सोडू नका. ती आता जड व्हायला लागलीय. मी कडंवर घेऊन शाळंत न्यायचं ते ह्याच वर्षी जमंल. पुढल्या साली न्हाई उचलायची मला. मंग ती घरीच बसनार, कायमची."

तेवढंच बोलली आणि शेणाची पाटी उचलून गेली.

* * *

आराखडा शब्दाचं असं, तर 'वैयक्तिक'चं त्याहून वरताण.

ओंकारचे वडील. ओंकार सावकाश शिकणारा, गोड पोरगा. मी म्हटलं, "दादा, ओंकारचा वैयक्तिक करायचाय."

"आमचं झालंय की."

मी उडालेच. आमच्या आधी कोण येऊन गेलं? "कधी झालं? कुणी केलं?"

"ग्रामसेवकानं मंजूर केलं. दाखवतो, चला."

मी आणि काळेसर मोठ्या उत्सुकतेनं त्यांच्यामागं गेलो. घराच्या मागं, शेवग्याच्या झाडाखाली, निळ्या दाराचं शौचालय. वर रंगानं लिहिलेलं, 'वैयक्तिक शौचालय, लाभार्थी' आणि पुढं दादांचं नाव.

"आता सारखं सारखं किती डाव तपासनार तुमी?" दादा म्हणाले.

काळेसरांनी तिथंच उभं राहून त्यांना सगळं समजावलं. शौचालय वेगळं, शिक्षण वेगळं. दादा मान हलवत होते. मला ती मान हलवण्याची पद्धत पटली नव्हती, पण म्हटलं जाऊ दे. "फाईलला ओंकारचा एक फोटो तेवढा मोबाईलवर पाठवा."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. ओंकार, डोक्याला तेल, चापून भांग, नवा शर्ट. उभा कुठं? त्या निळ्या दारासमोर, दार सताड उघडं. खाली मेसेज: 'आता तरी मंजूर करा.'

तेव्हापासून मी 'वैयक्तिक' म्हणत नाही. 'पोराचा स्वतःचा' म्हणते.

* * *

गणेशला कमी ऐकू येतं. कानाला यंत्र मिळालंय. किती ऐकू येतं ते बघून पुढचं ठरवायचं होतं, म्हणून मी त्याच्या पाठीमागं उभी राहिले आणि हळू आवाजात म्हटलं, "गणेश, हात वर कर."

गणेश ढिम्म.

जरा मोठ्यानं म्हटलं. ढिम्म. टाळी वाजवली. बाहेरचं कुत्रं उठलं, गणेश नाही. त्याची आई समोर बसली होती, आणि पोराला ऐकू येत नाही म्हणून तिच्या तोंडावर काळजी दिसायला हवी होती, ती काही दिसेना. उलट समाधान दिसत होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी तशीच मागं उभी राहून काळेसरांना कुजबुजले, "सर, पिशवीत पेढा एकच उरलाय. कुणाला देऊ?"

गणेशनं आईकडं बघितलं. "आई, आता ऐकू का?"

त्या माउलीचा चेहरा बघायला हवा होता. पण हरली नाही ती. म्हणाली, "बगा, म्हनलं न्हवतं? मदूनमदून येतं त्याला."

मी आधी चिडले. मग विचारलं, असं का शिकवलंस? तर कुणीतरी तिला सांगितलं होतं की पोराला ऐकू यायला लागलं की यंत्र काढून नेतात. बिचारी घाबरली होती. तिला समजावलं की यंत्र लावून ऐकू येतंय हीच तर चांगली गोष्ट आहे, ते कुणी नेत नाही. तिनं हो म्हटलं. मी जाईपर्यंत यंत्राची डबी मात्र पदराखाली धरून बसली होती.

'मुलाच्या जमेच्या बाजू' या रकान्यात मी पहिली ओळ लिहिली, 'गणेश आज्ञाधारक आहे.'

* * *

तात्यांकडं दुसऱ्यांदा गेलो ते पूर्ण तयारीनं. ठरवून गेलो होतो की 'आराखडा' शब्द उच्चारायचा नाही. काळेसर सावकाश वाचायला लागले, "अल्पमुदतीचं उद्दिष्ट..."

"थांबा," तात्या म्हणाले. "अल्पमुदत म्हंजी सोसायटीचं कर्ज."

"नाही हो तात्या, मुदत म्हणजे तेवढ्या दिवसांत आरोही काय शिकेल ते."

"मुदत आली म्हंजी थकबाकी आली. पोरीकडनं थकलं तर काय नेताल?"

"काही नेत नाही."

"मंग जामीन कोन?"

माझा पारा चढला. ऊन मी म्हणत होतं, त्यात दुसरी खेप. म्हटलं, "मी जामीन."

तात्यांनी माझ्याशी बोलायचं सोडून काळेसरांना विचारलं, "ह्यांचं रान कुटं हाय?"

"मॅडमना रान नाही तात्या. नगरला फ्लॅट आहे."

"सोताचा?"

"भाड्याचा."

"मंग जामीन चालत न्हाई."

सुरेखा पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की काय, देव जाणे. काळेसर मात्र उघड हसले, आणि मी ते अजून विसरलेले नाही.

पण खरी गाडी पुढंच अडली. उद्दिष्ट होतं, 'आरोही वॉकर धरून स्वतः चालत शाळेत येईल.' वॉकर म्हणजे चार पायांचा तो हलका घोडा, तो धरून ती ओसरीत छान चालायची. तात्यांनी विचारलं, "चालत येनार, पन कुटनं?"

आता तिथली रचना सांगायला हवी. शाळा वस्तीवरून दिसते. शाळेची घंटा ओसरीत ऐकू येते. पण रस्ता जातो गाडीवाटेनं, ओढ्याच्या कडेकडेनं लांबचा वळसा घालून, खड्ड्याचिखलातून. वॉकर तिथं एक पाऊल टिकत नाही. सुरेखा रोज पोरीला कडेवर घेऊन तो वळसा घालणार होती. आणि सरळ वाट? सरळ वाट तात्यांच्याच रानातून, मधोमध.

मी फक्त त्या रानाकडं बघितलं. तेवढं पुरलं.

"नानानं धाडलं व्हय तुमाला?"

नाना म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ. त्याचं रान पलीकडं. त्याला ह्याच रानातून रस्ता हवाय, आणि त्यावरून दोघांची तहसीलला केस इतकी वर्षं चाललीय की दोघांचेही पहिले वकील आता वारले. तात्या बांधावरून शेळी गेली तरी खुरं मोजणारा माणूस. त्यांनी तिथल्या तिथं ताडलं की नानानं सरकारी बाई हाताशी धरलीय, आणि नातीचं नुसतं निमित्त.

"सही न्हाई," म्हणाले. "आन् रस्त्याचं तर नावच न्हाई."

मी खूप चिडले होते. पोरगी ओसरीत बसून आमच्याकडं बघत होती, तिला सगळं कळत होतं. म्हातारा मला त्या दिवशी अजिबात आवडला नाही, हे सांगून टाकते.

* * *

पालक संशय घेतात खरं. पण तो दर वेळी खोटाच असतो असं नाही हं.

एका शाळेत, नाव सांगत नाही, एक मुलगा पूर्ण अंध. त्याच्या वडिलांनी मला फोन केला, "म्याडम, कागदावं काय लिवलंय ते जरा येऊन वाचा. मला वास येतोय."

गेले. आराखडा तिथल्या गुरुजींनीच भरून ठेवला होता, सुवाच्य अक्षरात. शेजारच्या मुलाचा जसाच्या तसा उतरवलेला. त्यात एक ओळ: 'चित्र पाहून वर्णन करतो.' पुढं ठसठशीत, 'साध्य.'

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. वडील माझ्याकडं बघायला लागले. मुलगा बाकावर शांत बसला होता. त्यानं विचारलं, "म्याडम, कुठलं चित्र हुतं?"

त्या दिवसापासून मी पालकांना सांगते, संशय घ्या. वाचून घ्या, दोनदा विचारा, मगच सही करा. काळेसर म्हणतात, "मॅडम, हे तात्यांना सांगू नका म्हणजे झालं."

* * *

तात्यांची सही नव्हती, तरी सुरेखा पोरीला शाळेत आणायला लागली. पटावर नाव होतंच, वर्गाच्या बाईंनीही दारापाशी जागा करून दिली. पण सही नाही तर पुढचं सगळं अडलेलं. वॉकर वस्तीवर, पोरगी आईच्या कडेवर.

मग एक दिवस सुरेखाची कंबर धरली. उठवेना. तात्यांना वाटलं नाटक आहे. रस्त्यासाठीच चाललंय सगळं. "एवढीशी पोरगी, तिचं काय वझं व्हतं व्हय?" म्हणाले, आणि स्वतः आरोहीला उचलून निघाले.

मी त्या दिवशी शाळेत होते. प्रार्थना झाली, हजेरी झाली, पहिला तास संपत आला. मग फाटकात तात्या दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, फेटा खांद्यावर, छातीचा भाता झालेला. आरोही खांद्यावर बसून मजेत आजूबाजूला बघत होती. तात्यांनी तिला बाईंच्या हवाली केलं आणि पायरीवर बसले ते बसलेच. मी पाणी दिलं. आधी तांब्यात डोकावून बघितलं, मग प्यायले.

धाप ओसरल्यावर म्हणाले, "लई लांब नेऊन ठिवलीय शाळा."

"शाळा जिथल्या तिथंच आहे तात्या."

पण तात्या घरी गेले नाहीत. पोरीला कुठं बसवतात, कोण चिडवतं, हे बघायला दिवसभर खिडकीपाशी उभे राहिले. मुलांनी पाहुणा आला म्हणून दोनदा नमस्ते केलं, त्याचाही त्यांना संशय आला.

सुरेखानं मला मागं सांगितलं होतं की घरी शाळेची घंटा ऐकू आली की आरोही हातातलं टाकून दाराकडं सरकायला लागते. रोज. दारापर्यंत जाते आणि तिथं बसून राहते. दुपारी शाळेत घंटा झाली. सगळी पोरं उठून पळाली. आरोही जागची हलली नाही. ती खडूनं पाटीवर काहीतरी गिरवत होती, तेच गिरवत राहिली.

तात्या खिडकीतून तिच्याकडं बघत होते. मग मला म्हणाले, "हितं घंटा लई मोठ्यांदा वाजती," आणि फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी सकाळी सुरेखाचा फोन. "म्याडम, तात्यांनी जेसीबी बोलावलाय. कुनाला काय सांगत न्हाईत. मला लई भ्या वाटतंय, तुमी या."

म्हटलं झालं. म्हातारा रानाभोवती चर खणतोय. आता माणूस सोडा, उंदीर जायचा नाही तिथून. काळेसरांचंही तेच मत. गाडीवर मी सगळं भाषण तयार केलं, कायदा, अधिकार, तक्रार, सगळं. या वेळी ऐकून घ्यायचं नाही असं ठरवूनच उतरले.

जेसीबी रानात होता. ज्वारी हुरड्याला आलेली, डोक्याएवढी. आणि त्या उभ्या ज्वारीतून मधोमध एक पट्टा कापलेला, वस्तीपासून थेट शाळेच्या फाटकापर्यंत. कणसं बाजूला रचलेली. मागं मुरमाची ट्रॉली रिकामी होत होती. तात्या जेसीबीच्या पुढं उलटे चालत ड्रायव्हरला ओरडत होते, "उजवीकडं घेऊ नगं, माजं रान हाय ते!" दोन्हीकडं त्यांचंच रान होतं.

आरोही वॉकर धरून पट्ट्याच्या तोंडाशी उभी होती. सुरेखा तिच्यामागं, दुखरी कंबर फडक्यानं आवळून. ती नुसती बघत होती, डोळे पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

माझं भाषण कुठल्या कुठं गेलं. तात्या आमच्याकडं आले.

"आसं बगू नका. ह्यो शाळंचा रस्ता हाय, नानाचा न्हाई. शाळा सुटली, पोरगी घरात आली, की मी हितं बाभळीची काटी आडवी लावनार. सकाळी काडनार. नानाला सांगा जाऊन, तुमचा हाय न्हवं तो."

"तात्या, आम्हाला नानांनी—"

"आना तो कागद."

काळेसरांनी कागद काढला. तात्यांनी तो ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून बघितली. मग दाबून सही केली. पेन परत देताना माझ्याकडं वळले.

"म्याडम, पयल्याच दिशी मी तुमाला सरळ इचारलं हुतं. आराखडा कुनाच्या रानातनं जातोय?"

मी पेनाला टोपण लावायला लागले.

"तुमी काय म्हनला? कुनाच्याच न्हाई."

आणि वस्तीकडं तोंड करून ओरडले, "सुरेखे, च्या ठिव."